घोड्यावरचे बिऱ्हाड

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सांगली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी आम्हांस पत्र लिहून 'समाजाच्या वैभवशाली परंपरेविषयी' चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. परंतु बोलावयाचे काय, याचा विचार करू लागलो तेव्हा आमच्या असे ध्यानात आले की, आपल्या व्यासपीठांवरून ही परंपरा आता सर्वांना तोंडपाठ झालेली आहे. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर १६९३ साली जन्मले आणि १७६६ साली निवर्तले. त्यांच्या सूनबाई पुण्यश्लोक अहिल्यादेवी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य करून अजरामर झाल्या. २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा गावोगावी उत्सव झाले. हे सर्व यथार्थ आहे आणि त्याचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि ज्या संसारातून मल्हारराव वर आले, त्या संसाराविषयी आपण फारच थोडे बोलतो. किंबहुना तो विषय निघाला की आपल्यातील शिकलेली मंडळी थोडी संकोचतात. म्हणून आज आम्ही राजवाड्याविषयी न बोलता मेंढरांच्या वाड्याविषयी बोलणार आहो. आमच्या भाषणाचा विषय 'घोड्यावरचे बिऱ्हाड' हा आहे.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. आज ज्यास आपण सांगली जिल्हा म्हणतो, तो १९४९ साली निराळा झाला तेव्हा त्याचे नाव दक्षिण सातारा असे होते आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सरकारी दप्तरात जिल्हे दोन झाले. मेंढपाळाच्या हिशेबी मुलूख एकच राहिला. या मुलखाची पश्चिम बाजू सह्याद्रीची. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे निघावे, तो माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या भागांत येईपर्यंत आकाश कोरडे पडत जाते. माणगंगेच्या खोऱ्यात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर लोक वर्ष बरे गेले म्हणतात. अशा मुलखात माळ अफाट, माती उथळ, गवत आखूड. येथे नांगराच्या भरवशावर राहिला तो तीन वर्षांतून एकदा उपाशी राहिला. जो गवताच्या मागे चालत गेला तो तगला. आपले पूर्वज चालत गेले ते भटकण्याची हौस म्हणून नव्हे, तर या भूमीचे गणित त्यांना नेमके कळले होते म्हणून.

ते गणित असे. पावसाळ्यात मेंढरे आपल्या माळावर राहत, कारण कोकणच्या चिखलात आणि संततधारेत दख्खनी मेंढीचे खूर कुजतात व ती टिकत नाही. दसरा-दिवाळी झाली, माळावरचे गवत सरले, की वाडे उठत. काही वाडे कृष्णा-वारणेच्या काठाने, काही कर्नाटकाकडे, काही घाट उतरून कोकणात जात. भाताची कापणी झालेली असे, खाचरे मोकळी असत, पाणी असे. वैशाख संपता संपता, वळवाची चाहूल लागली की वाडे परत घाट चढत. मधल्या सहासात महिन्यांत मेंढरे शेतकऱ्याच्या रानात रात्री बसवावयाची, लेंडीमुताने त्याची जमीन खतवावयाची, आणि त्याबद्दल जोंधळा, भात अथवा रोकड घ्यावयाची. शेतकऱ्यास खत मिळे, मेंढपाळास धान्य आणि मेंढरास चारा मिळे. हा व्यवहार कागदावर नसे, शब्दावर असे. आणि आज्याच्या काळी ठरलेले शेत नातवाच्या काळीही त्याच वाड्यासाठी राखलेले असे.

आता आमच्या बंधुभगिनींना आम्ही क्षणभर दूर नेणार आहो. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास इंग्रजांचा जो पहिला अधिकारी आला, तो जेम्स ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा म्हणून त्याचे नाव आपण ऐकले आहे. तो ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ इंग्लंडचा नव्हे, स्कॉटलंडचा होता. स्कॉटलंड म्हणजे डोंगर, धुके आणि मेंढरे यांचा देश. म्हणजे साताऱ्याच्या किल्ल्यावरून मेंढरांचे वाडे घाटाकडे जाताना त्याने पाहिले असतील, तर ते दृश्य त्यास अगदीच परके वाटले नसावे. परंतु त्याच्या ग्रंथात किल्ले आहेत, लढाया आहेत, तह आहेत. मेंढपाळाचे घर नाही. त्याचा दोष आम्ही देत नाही. आपणही ते लिहिले नाही.

त्या स्कॉटलंडातील व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मेंढपाळ कसा राहत असे, हे वाचल्यावर आम्हांस आपल्या बिऱ्हाडाची थोरवी अधिक कळली. तेथील डोंगरी मेंढपाळ बहुधा दुसऱ्याचा चाकर असे. मोठ्या शेतकऱ्याच्या शेकडो मेंढरांची राखण करावी, डोंगराच्या कुशीत एकाकी दगडी घरात बायकामुलांसह राहावे, आणि मोबदल्यात ओटचे पीठ, बटाटे लावण्यास तुकडा, एका गाईची चराई व धन्याच्या कळपात आपली म्हणून काही मेंढरे ठेवण्याची मुभा घ्यावी, अशी रीत होती. त्याचा कुत्रा जगात नावाजलेला, त्याचे मेंढरांचे ज्ञान अचाट, बायबल त्याच्या घरी वाचले जाई. पण घर धन्याचे, डोंगर धन्याचा. आणि त्याच देशाच्या उत्तर भागात जमीनदारांनी मेंढरांना कुरणे हवीत म्हणून कुळांची गावेच्या गावे उठविली, हाही इतिहास आहे. आपल्याकडे उलटे झाले. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांतून मेंढरांना मज्जाव होत गेला, आणि इकडे माळराने नांगराखाली येत गेली. तेथे मेंढरासाठी माणूस उठला. येथे मेंढरासह माणूस उठला. मात्र आपला मेंढपाळ गरीब असला तरी कळपाचा धनी होता, आणि त्याचे घर त्याच्याबरोबर चालत होते. हा भेद लहान नव्हे.

हे चालते घर कसे होते? बिऱ्हाड म्हणजे संसाराचे सामान, असा शब्दाचा अर्थ लोक करतात. आपल्याकडे बिऱ्हाड म्हणजे संसारच. पहाटे चांदणी असताना बाया उठत. घोड्याच्या पाठीवर आधी जाड घोंगडे, त्यावर धान्याची पोती, त्यावर तवा, परात, हंडे, मेंढरे कोंडण्याची वाघर, कोंबड्यांचा डालगा, आणि सर्वांच्या वर, दोरीने अलगद बांधलेले, डुलक्या देणारे लहान मूल. रात्री जन्मलेली कोकरे झोळीत. पुरुष मेंढरे घेऊन चरत चरत रानावनाने जात. बाया घोडी घेऊन वाटेने पुढे जात आणि मुक्कामाची जागा गाठीत. वारा कोठून येतो, पाणी किती दूर आहे, लांडगा कोणत्या ओघळीने येईल, हे पाहून वाघर लावणे, तीन दगडांची चूल मांडणे, पाणी आणणे, हुलग्याचे माडगे शिजविणे, भाकरी थापणे, हे सर्व बायांच्या हातचे. संध्याकाळी कळप परत आला की कोकरे सोडावयाची. शेदीडशे मेंढ्या एकदम ओरडत आणि तितकीच कोकरे धावत; त्या गलक्यात कोणते कोकरू कोणत्या आईचे, हे हेरून प्रत्येकास त्याच्या आईखाली घालावयाचे. ज्याची आई मेली त्यास दुसरीचे दूध लावावयाचे. हे काम आमच्याकडे आमची थोरली बहीण करी. तिला शंभराहून अधिक मेंढ्या तोंडावरून ओळखता येत.

बाजारात सौदा बाप करी. परंतु कोणती मेंढी राखावयाची, कोणती विकावयाची, हे आजीस विचारल्यावाचून ठरत नसे. कोणाच्या रानात किती रात्री मेंढरे बसली, याचा हिशेब आजी लोकरीच्या दोऱ्याला गाठी मारून ठेवी. धान्य घेताना तिने तो दोरा पुढे केला की शेतकरी वाद घालीत नसे. आम्ही पुढे हिशेबाची पुस्तके पुष्कळ पाहिली. इतकी निर्विवाद वही पाहिली नाही.

या संसाराचे दुसरे अंग म्हणजे लोकर. वर्षातून दोनदा मेंढरे कातरीत. एका वाड्याची कातरणी असली की शेजारच्या वाड्यांतील माणसे मदतीस येत, त्यांच्या कातरणीस हे जात. मजुरी नाही, जेवण तेवढे. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ आणि बहुधा काळी. एका मेंढीपासून वर्षाकाठी साधारण अर्धा किलो निघते. उंची कापडास ती निरुपयोगी. परंतु तीच कातून, मागावर विणून, चिंचोक्यांची खळ देऊन केलेले घोंगडे पाऊस अडवी, थंडी अडवी, अंथरूण होई, पांघरूण होई, आणि शेवटी तिरडीवरही पडे. मेंढरे राखणारे हटकर, घोंगडी विणणारे खुटेकर आणि सणगर, ही नावे आज आपण सोयरिकीच्या वेळी भेद म्हणून काढतो. मूळची ती एकाच कामाची वाटणी होती, हे विसरून चालणार नाही. सह्याद्रीच्या जंगलात म्हशी राखणारे गवळी धनगर हेही याच झाडाची फांदी होत.

देवही या चालीशी जोडलेले. कवठे महांकाळकडे आरेवाडीचा बिरोबा, आटपाडीकडे खरसुंडीचा सिद्धनाथ, माणात म्हसवडचा सिद्धनाथ व शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव, कऱ्हाडच्या बाजूस पालीचा खंडोबा. यात्रा म्हणजे केवळ नवस फेडणे नव्हे. वर्षभर पांगलेले वाडे तेथे भेटत, लग्ने ठरत, तंटे मिटत, कोणत्या वाटेला चारा आहे हे कळे. रात्री ढोलावर गजी नाचत आणि सुंबरानाच्या ओव्यांतून देवांच्या आणि मेंढपाळांच्या कथा चालत. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने महाराष्ट्रात येऊन धनगरांच्या या ओव्या ऐकल्या, वाड्यांबरोबर हिंडून त्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांवर ग्रंथ लिहिला. जर्मनीहून माणूस येऊन आपल्या आजीची ओवी जपून ठेवतो, आणि आपण ती आपल्या नातवास ऐकवीत नाही, यास काय म्हणावे?

आता एका रात्रीची हकीकत सांगतो. १९६७ साली आम्ही नऊ वर्षांचे होतो. आमचा वाडा माणातून निघून कऱ्हाडवरून पाटणच्या खोऱ्यात उतरला होता. तेथून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जावयाचे होते. डिसेंबरच्या ११ तारखेच्या पहाटे आम्ही कापलेल्या खाचरात झोपलो होतो. प्रथम कुत्री रडली, मग सबंध कळप एकदम उठून वाघरीवर कोसळला. त्यानंतर जमीन हलली. कोयनानगरचा तो भूकंप. उजाडल्यावर पाहतो तो समोरच्या गावात भिंती आडव्या, माणसे रस्त्यावर, थंडी अशी की बोलवत नव्हते. त्या पहाटे सर्व भागात मिळून पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, असे पुढे कळले. आमच्या वाड्यातील एकासही खरचटले नाही, कारण आमच्या घराला अंगावर पडण्याजोगी भिंतच नव्हती. आजीने दोन घोंगडी काढली आणि ज्याच्या रानात आम्ही उतरलो होतो त्याच्या घरातील लेकरांवर नेऊन घातली. वाडा तेथे चार दिवस अधिक थांबला. त्या चार रात्रींची गाठ आजीने दोऱ्याला मारली नाही. हे कोणी कोणास सांगितले नाही. आमच्या बहिणीच्या ते ध्यानात आले, तिने आम्हांस पुढे सांगितले.

येथवर आम्ही गौरवाचे बोललो. परंतु या संसाराचा एक हिशेब असा आहे की तो मांडताना आम्हांस मान खाली घालावी लागते. तो हिशेब लेकरांच्या शिक्षणाचा.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. आटपाडी भागातील माडगूळ हे त्यांचे गाव. औंध संस्थानातील मेंढपाळांच्या एका वाडीवर तरुण मास्तर जातो, शाळा भरवितो, तालीम बांधतो, आणि शेवटी दुष्काळाने वाडी उठून जाते, अशी ती कथा. पुष्कळांनी ती वाङ्मय म्हणून वाचली. आम्हांस ती आमच्या हजेरीपटाची गोष्ट वाटते. आम्हीही जूनपासून दिवाळीपर्यंत शाळेत बसत होतो. दिवाळीनंतर वाडा उठे आणि हजेरीपटावरून आमचे नाव कमी होई. पुढच्या जूनला पुन्हा पहिल्या यत्तेत. भूकंपाच्या सालानंतर एका भल्या मास्तरांनी आमच्या बापाची समजूत घातली, आणि १९६८ साली आम्हांस गावी आत्याच्या घरी ठेवून वाडा निघून गेला. कोकरांचे काम मात्र कोणी तरी करावयास हवेच होते. ते पूर्वीपासून बहीण करीत होती. आता आमच्या वाट्याचेही तिच्याकडे गेले. तिला शाळेत घालावे, हा प्रश्न आमच्या घरात कोणी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

१९७२ चा दुष्काळ आला. माणदेशात विहिरींचे तळ दिसले. बापाने कळप पडेल त्या किमतीस विकला आणि त्या पैशातून आमची साताऱ्याच्या वसतिगृहाची सोय केली. त्याच वर्षी लग्न होऊन सासरी गेलेली आमची बहीण दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. आम्ही शिकलो, शिक्षक झालो. आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवीत असू. शिकविताना आमचा आवाज भरून येत असे. आणि तरीही आमच्या हातून जे घडले ते सांगतो.

एका शाळेत आम्ही वर्गशिक्षक असताना आपल्याच समाजाची एक मुलगी आमच्या वर्गात होती. अक्षर मोत्यासारखे. दिवाळीनंतर ती आली नाही. नियमाप्रमाणे ठरावीक दिवस वाट पाहून आम्ही तिचे नाव लाल शाईने कमी केले आणि शेऱ्याच्या रकान्यात 'गाव सोडून गेली' असे लिहिले. जूनमध्ये तिची आई तिला घेऊन आली. पुन्हा दाखल करून घेण्यास आम्ही कागद मागितले, तेव्हा ती माउली म्हणाली, "गुरुजी, आम्ही गाव सोडला नाही, चारायला गेलो होतो. तुम्हाला ठाऊक नाही का?" आम्हांस ठाऊक होते. इतर सर्वांपेक्षा अधिक ठाऊक होते. मुलगी त्या वर्षी काही दिवस आली, पुढे बसली नाही. आमच्या नोकरीत आम्ही पुष्कळ मुलांना वर चढविले असेल. त्या एका लाल रेघेची भरपाई झाली असे आम्हांस वाटत नाही.

बंधुभगिनींनो, अनेकांचे म्हणणे असे की मेंढरे सोडली की प्रश्न सुटला. परंतु मेंढरे काही उद्याच सुटणार नाहीत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पाणी दुष्काळी भागात आले, ही आनंदाची गोष्ट. जेथे हुलगा येत नव्हता तेथे द्राक्षे आणि डाळिंबे आली. पण त्याबरोबर माळ नांगरले गेले, बागांना कुंपणे आली, पोत्यांतून रासायनिक खत आले, आणि मेंढरे बसविण्याचे पिढीजात करार पुष्कळ ठिकाणी मोडले. तरीही वाडे निघतात, कारण मेंढरू आजही अडचणीच्या वेळचा पैसा आहे. इकडे विद्याही पुढे गेली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून नवी जात तयार केली. मेंढी व शेळी विकासासाठी १९७८ साली स्थापन झालेल्या आणि आज अहिल्यादेवींचे नाव धारण करणाऱ्या महामंडळाची प्रक्षेत्रे आपल्याच भागात दहिवडीस आणि रांजणीस आहेत. २०१७ सालच्या महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर यांसाठी ७५ टक्के अनुदान ठेवण्यात आले. पावसाळ्याच्या तोंडी आंत्रविषाराची लस टोचली तर किती कोकरे वाचतात, हे वाड्यातील बाईस कोणी नीट सांगितले तर ती सर्वांत आधी ऐकेल, कारण मेलेले कोकरू तिच्या मांडीवर मेलेले असते. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्यास सत्तर लाखांची मागणी आल्याची बातमी वृत्तपत्रांनी छापली आणि आपण सर्वांनी ती एकमेकांस दाखविली. त्या मेंढ्याचे कौतुक जरूर करावे. पण कळप वाढतो तो अशा एका मेंढ्यावर नव्हे. तो वाढतो रात्री उठून आईखाली घातलेल्या साध्या कोकरांवर.

मग करावे काय? स्कॉटलंडची गोष्ट पुन्हा एकदा आठवतो. १७७५ साली तेथे एका वृद्ध मेंढपाळाच्या घरी अलेक्झांडर मरे नावाचा मुलगा जन्मला. घरी पाटी नव्हती. बापाने लोकर विंचरण्याच्या फणीच्या पाठीवर जळक्या काडीने अक्षरे काढून त्यास वाचावयास शिकविले. तो मुलगा १८१२ साली एडिंबरो विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक झाला. पुढे १८७२ साली त्या देशाने पाच ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस शिक्षण सक्तीचे केले. यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक, मेंढपाळाच्या घरात विद्येची भूक नसते हे खोटे. दुसरी, बापाची हौस एका मुलास वर काढते. सर्व मुलांस वर काढावयाचे तर समाजाने आणि सरकारने हात द्यावा लागतो. आपल्या देशातही २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. कायदा झाला म्हणून वाड्यावरच्या मुलीचे नाव पटावर आपोआप टिकत नाही. ते टिकविणारे माणूस लागते.

म्हणून या संस्थेपुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निम्म्या, ज्या घरी आजही मेंढरे आहेत त्या घरांतील मुलींसाठी राखून ठेवाव्यात. गुणांची अट त्यांना लावू नये, शाळेत परत येण्याची तेवढी लावावी. दुसरी, आपल्यातील जे शिक्षक आहेत, आणि ते आता शेकड्यांनी आहेत, त्यांनी दिवाळीपूर्वी आपल्या गावचे वाडे कोणत्या वाटेने जाणार हे विचारून घ्यावे व त्या वाटेवरील शाळांतील आपल्या बांधवांस कळवावे, म्हणजे मूल जेथे जाईल तेथे त्यास बसावयास जागा मिळेल. यास पैसा लागत नाही. तिसरी, या स्मरणिकेची चार पाने दरवर्षी राखून ठेवावीत, आणि त्यांत एकेका कुटुंबाने आपल्या वाड्याची हकीकत द्यावी: वाट कोणती, मुक्काम कोणते, कोणाच्या रानात मेंढरे बसत, आजीचे नाव काय, कोकरे कोण सोडी. पराक्रमी पुरुषांच्या तसबिरी आपण छापतोच; त्यांच्याशेजारी ही नावेही यावीत.

आमची बहीण आता पंचाहत्तरीकडे झुकली आहे. या सभेस ती आली नाही, गुडघे दुखतात. येण्यापूर्वी आम्ही तिला विचारले, भाषणात काय सांगू? ती म्हणाली, "मेंढरांची नावं सांग. माणसांची सगळे सांगतात." तिने त्या वेळी सत्तावीस मेंढ्यांची नावे एका दमात सांगितली, त्यांतील शेवटची मेंढी १९७२ साली विकली गेली होती. ती नावे आम्ही लिहून घेतली आहेत. तिसऱ्या सूचनेस आपण मान्यता दिलीत, तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत पहिले पान आम्ही भरून देऊ.

 बिरोबाच्या नावानं चांगभलं!